पाहुणे आले, पाहुणे गेले : नाशिकमधल्या एका प्राइड कार्यक्रमाचे प्रकरण

मुंबईतल्या एका परदेशी वाणिज्य दूतावासाने आणि मराठी रंगभूमीवरच्या एका नावाजलेल्या नटाने नाशिकमधल्या आमच्या छोट्या गटाला प्राइडसाठी, म्हणजे समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांच्या अभिमानाच्या पदयात्रेसाठी, पाठिंबा देऊ केला. त्या पाठिंब्याचे आम्ही काय केले, कुठे निर्णय बरोबर आला आणि कुठे एका मुलाला आमच्या चुकीची किंमत मोजावी लागली, ते इथे लिहिले आहे. मी गटाच्या पाच संयोजकांपैकी एक होतो. देशाचे नाव, वर्ष, सभागृह आणि माणसांची नावे गाळली आहेत, कारण गटातल्या निम्म्या लोकांनी अजून घरी सांगितलेले नाही. ज्यांच्याविषयी लिहिले आहे, त्यांना हा मजकूर आधी वाचून दाखवला आहे.

पार्श्वभूमी

गट वीस-बावीस जणांचा. महिन्यातून एका रविवारी इंदिरानगरातल्या एका फ्लॅटवर भेटायचे, चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, कुणाला वकील हवा असेल तर वकील, डॉक्टर हवा असेल तर डॉक्टर शोधून द्यायचा. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत काम करणारी मुले, कॉलेजातली पोरे-पोरी, एक शिक्षिका, दोन लग्न झालेले पुरुष आणि पंचवटीत राहणाऱ्या एक ज्येष्ठ तृतीयपंथी गुरू व त्यांच्या चेल्या. गुरूंना सगळे मावशी म्हणतात, शिक्षिकेला ताई. संस्था म्हणून नोंदणी नव्हती, बँकेत खाते नव्हते. एक वही होती, तिच्यात वर्गणी लिहिली जायची.

तोवर प्राइड म्हणजे मुंबई किंवा पुणे. मुंबईत २००८ पासून आणि पुण्यात २०११ पासून ही पदयात्रा निघते. आमच्यातले आठ-दहा जण दरवर्षी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जायचे. नाशिकरोडला चढताना साधा शर्ट, कल्याण मागे पडले की एकेक जण बॅग घेऊन उठायचा आणि रंगीत होऊन परत यायचा. परतीच्या गाडीत इगतपुरी यायच्या आत डोळ्यांतले काजळ आणि ओठांवरचा रंग पुसायचा. एकदा ताई म्हणाली, "आपलं अख्खं स्वातंत्र्य कसारा घाटाच्या पलीकडं आहे का?" नाशिकमध्येच काहीतरी करायचे, हे त्या वाक्यातून सुरू झाले.

मावशींचे म्हणणे जरा वेगळे होते. सप्तशृंगी गडावर कोजागरीला राज्यभरातून तृतीयपंथी येतात, छबिना निघतो. "आमची मिरवणूक आहेच की. तुम्ही पोरं तिकडं कधी आला नाहीत," असे त्या म्हणायच्या. हे बोलणे आम्हाला लागले. जीन्समधली मुले मुंबईच्या मोर्चाला आपले म्हणत होती, पण वणीच्या गडावरच्या आपल्याच माणसांकडे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. २०१४ साली नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळले गेले. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे पोलिस उचलून नेतील ही भीती बरीच कमी झाली. घर, नोकरी आणि भाड्याची खोली यांची भीती मात्र होती तिथेच राहिली.

बेत साधा होता. रविवारी सकाळी गंगापूर रोडवर साधारण दीड किलोमीटरचा वॉक, संध्याकाळी एका खासगी सभागृहात दोन तासांचा कार्यक्रम. शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) आणि (३) खाली मनाई आदेश वरचेवर लागू असतात, त्यामुळे लेखी परवानगीचा अर्ज महिनाभर आधी दिला. अर्जात अपेक्षित संख्या लिहिली साठ.

अडचण

आमचा सर्वांत तरुण संयोजक मुंबईला एका चित्रपट महोत्सवात गेला होता. तिथे त्याची एका युरोपीय देशाच्या वाणिज्य दूतावासातल्या अधिकाऱ्याशी ओळख झाली. नाशिकमध्ये पहिल्यांदाच काही करतोय म्हटल्यावर तो माणूस मनापासून खूश झाला. आठवड्याभरात त्यांची मेल आली : उपवाणिज्यदूत स्वतः येतील, वॉकमध्ये चालतील, दोन शब्द बोलतील. मंच आणि साउंडचा खर्च दूतावास उचलेल. त्याच सुमारास एका मैत्रिणीच्या ओळखीने तो नटही यायला तयार झाला.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो दिवस दिवाळीसारखा गेला. ज्यांना घरात तोंड उघडता येत नाही, त्यांच्यासाठी एका देशाचा प्रतिनिधी मुंबईहून येणार, हे फार मोठे होते. त्या आनंदाला आजही मी नावे ठेवणार नाही.

दोन दिवसांनी ग्रुपमधला स्क्रीनशॉट बाहेर गेला. कुणी पाठवला ते आम्ही शोधले नाही. पोलिस ठाण्याच्या गोपनीय विभागातून फोन आला : "परदेशी पाहुणे येणार आहेत म्हणे. अर्जात तर तसं काही नाही." बोलणे शांत आणि सरळ होते, प्रश्नही रास्त होता. पण आम्ही एक गोष्ट लिहून दिली आणि दुसरीच करायला निघालो, असे दिसत होते. त्याच संध्याकाळी दोघा लग्न झालेल्यांपैकी एकाने ग्रुप सोडला. जाताना एवढेच लिहिले, "टीव्हीवाले येणार असतील तर मी नाही."

अडचण होती ती इथे. साठ लोकांचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांना जेमतेम कळेल असा कार्यक्रम आम्ही आखला होता. पाहुण्यांमुळे तो बातमी होणार होता, आणि बातमी झाली की त्यातले चेहरे नाशिकमध्येच राहणार होते.

समोर असलेले पर्याय

त्या बुधवारी मावशींच्या घरी बैठक झाली. रात्री नऊला बसलो, पावणेएकला उठलो.

पहिला प्रश्न पैशांचा निघाला आणि तो सर्वांत लवकर सुटला. गटातल्या एकाचा मित्र सीए आहे, त्याला फोन लावला. परकीय योगदान नियमन कायदा, म्हणजे २०१० चा एफसीआरए, काय म्हणतो ते त्याने समजावले. परदेशी सरकार किंवा त्याची कुठलीही यंत्रणा हा परकीय स्रोत धरला जातो. असा पैसा घ्यायचा तर आधी नोंदणी किंवा त्या रकमेपुरती पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात घेता येतो. आमच्याकडे तर साधे बचत खातेही नव्हते. "साउंडवाल्याला त्यांनी परस्पर दिले तर?" असे कुणीतरी विचारले. सीए म्हणाला, "फायदा कुणाला झाला, हेच विचारतील. नको त्या वाटेला जाऊ." मंचाचे पैसे गेले. वहीतली वर्गणी आणि मावशींनी मध्ये ठेवलेले पाच हजार, एवढ्यात भागवायचे ठरले.

दुसरा प्रश्न अवघड होता : पाहुण्यांनी वॉकमध्ये चालावे का?

तरुण संयोजकाची बाजू भक्कम होती. त्याने वॉर्साचे उदाहरण दिले. २०२० मध्ये पोलंडमधल्या पन्नास राजदूतांनी तिथल्या एलजीबीटी, म्हणजे समलिंगी आणि तृतीयपंथी, लोकांच्या बाजूने खुले पत्र काढले होते. "तिथं सरकार विरोधात असताना ते उभे राहिले. आपल्याकडं तर कायदा आपल्या बाजूनं आहे. उपवाणिज्यदूत सोबत चालत असेल तर कोण दगड मारील? बंदोबस्त आपोआप मिळेल." मुद्दा खोटा नव्हता. रस्त्यावर चालताना अंगावर काहीतरी फेकले जाण्याची भीती आमच्यातल्या प्रत्येकाला होती.

ताईने त्याच उदाहरणाची दुसरी बाजू सांगितली. त्या पत्रावर पोलंडच्या पंतप्रधानांचा सूर असा होता की सहिष्णुता आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. म्हणजे चर्चा पोलंडमधल्या मुलामुलींवरून हटून राजदूतांवर गेली. "आपल्याकडंही हेच होणार. हे परदेशी फॅड आहे, असं म्हणणारे टपूनच बसलेत. त्यांच्या हातात आपण फोटो द्यायचा का?" यावर कुणीतरी म्हणाले की ३७७ हेच मुळात इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत आणलेले कलम, परदेशी तर ते होते. ताई म्हणाली, "मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे. फोटोच्या खाली एवढं लिहायला जागा नसते."

मग ती जे बोलली ते माझ्या वहीत जसेच्या तसे आहे. ताई आंबेडकरी घरातली, तिच्या पणजोबांच्या आठवणी ऐकत ती वाढली. "२ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात बाबासाहेबांच्या हाकेला लोक उभे राहिले, ते पाच वर्षं उभे राहिले. पुढं दादासाहेब गायकवाड होते, ते इथलेच, दिंडोरीकडचे. मी आपली बरोबरी त्या सत्याग्रहाशी करत नाही, करणारही नाही. एवढंच म्हणते की पहिल्या रांगेत कोण दिसतं, यावरून गाव ठरवतं की हे भांडण कुणाचं आहे."

मावशी बराच वेळ सुपारी कातरत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "गडावर आमचा छबिना निघतो, त्याला कुठल्या साहेबाची सोबत लागली नाही. पण म्हणून दारात आलेल्याला परत पाठवू नका. साहेबाला विचारा, बाबा तुझ्याकडं काय आहे जे आमच्याकडं नाही? झेंडा तर आम्ही पण शिवू."

या प्रश्नाने बैठकीची दिशाच बदलली. तोवर आम्ही त्यांनी देऊ केलेलेच घ्यायचे की नाही, याभोवती फिरत होतो. आपण काय मागावे, याचा विचारच झाला नव्हता. उपवाणिज्यदूताकडे काय असते? अंबड-सातपूरमध्ये त्यांच्या देशाशी व्यवहार असलेल्या कंपन्या आहेत. तो माणूस फोन उचलून त्यांच्या एचआर मॅनेजरला बोलावू शकतो. आम्ही शंभर अर्ज केले तरी ते आमच्यासमोर बसणार नाहीत. नटाकडे काय असते? प्रसिद्धी, हे पटकन सुचले. दुसरे उत्तर आम्हाला नंतर, अडचणीत सापडल्यावर मिळाले.

शेवटी तीन पर्याय फळ्यावर लिहिले : सगळे स्वीकारायचे, सगळे नम्रपणे नाकारायचे, किंवा सकाळ आपली आणि संध्याकाळ पाहुण्यांची अशी फोड करायची. हात वर करून मतदान झाले. तिसऱ्या पर्यायाला अकरा, पहिल्याला पाच, दुसऱ्याला एक.

काय केले

दुसऱ्याच दिवशी दूतावासाला मेल लिहिली. निधी घेता येणार नाही, त्याचे कारण लिहिले. वॉकमध्ये आम्हीच चालू, आपण संध्याकाळी यावे, मंचावर भाषण नको, श्रोत्यांत बसावे. कुठल्याही देशाचा झेंडा किंवा चिन्ह नको. आणि दुपारी चार वाजता एक तास काढून कंपन्यांच्या एचआरवाल्यांना आमच्यासमोर बसवावे, एवढी आमची मागणी. पाठवताना वाटले, माणूस दुखावणार. उत्तर चार तासांत आले. त्यात लिहिले होते की परदेशी अधिकाऱ्याने यजमान देशाच्या अंतर्गत बाबींत हस्तक्षेप करू नये, हे १९६३ च्या व्हिएन्ना कराराने त्यांच्यावर बंधनच आहे, त्यामुळे आमचा आराखडा त्यांनाही सोयीचा आहे. दौऱ्याची माहिती राज्याच्या राजशिष्टाचार विभागाला आणि पोलिसांना ते स्वतः कळवतील. आम्हीही ठाण्यात जाऊन पुरवणी अर्ज दिला. गोपनीयच्या हवालदारांनी तो वाचून विचारले, "म्हणजे सकाळी फक्त तुम्हीच?" आम्ही हो म्हटले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला स्पष्ट दिसला.

झेंडा शिवायचे काम मावशींच्या घरी झाले. त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण अख्ख्या कार्यक्रमातले सर्वांत चांगले दोन दिवस ते होते. इंद्रधनुषी झेंडा १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकरने पहिल्यांदा केला तेव्हा त्याला आठ पट्टे होते. पुढे गुलाबी रंगाचे कापड पुरेसे मिळेना म्हणून तो पट्टा गळाला, नंतर आणखी एक गेला आणि सहा उरले. आमच्याकडे सहाही जुन्या साड्यांतून काढायचे होते आणि अडले ते नारिंगीवर. चेल्यांच्या ट्रंका उघडल्या, लाल निघाली, हिरव्या तीन निघाल्या, नारिंगी एकच, आणि ती कोजागरीला गडावर नेसण्यासाठी राखून ठेवलेली. जिची होती तिने ती दोन्ही हातांवर धरून थोडा वेळ पाहिली. मग "फक्त खालचा घेर कापा, पदराला हात लावू नका" म्हणून दिली. जांभळा पट्टा मावशींच्या गुरूंच्या साडीचा. त्या गुरू जाऊन बरीच वर्षे झाली. मशीनवर तो जोडताना मावशींनी दिवा मोठा करायला सांगितला आणि तेवढी शिवण स्वतः मारली.

जलरंगात काम करणारे एक वयस्क नाशिककर चित्रकार मदतीला आले होते. त्यांना भिंतीएवढे चित्र काढायचे होते. झेंडा पाहिल्यावर त्यांनी तो विचार सोडला आणि प्रत्येक पट्ट्यावर काळ्या रंगाने टाळी वाजवणाऱ्या हातांची एकेक जोडी काढली. त्यासाठी सहा जणींनी त्यांच्यासमोर बसून टाळ्या वाजवून दाखवल्या. बोटे कशी फाकतात, तळवे कुठे भेटतात, हे ते पुन्हा पुन्हा पाहत होते. सगळे झाल्यावर म्हणाले, "चाळीस वर्षं घाट रंगवतोय, हे हात कधी नीट बघितले नाहीत."

मग कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी घोटाळा झाला. नटाने फोनवर आमच्या सगळ्या अटी मान्य केल्या होत्या आणि माणूस शब्दाचा पक्का आहे. पण त्याची समाजमाध्यमे एक टीम सांभाळते. त्या टीमने सभागृहाच्या नावासकट पोस्टर टाकले. आमच्या विनंतीवरून ते तासाभरात काढले, तोवर ते फिरले होते. संध्याकाळी सभागृहाच्या मालकांचा फोन आला : "आमच्याकडं लग्नंकार्यं होतात, मला हे परवडणार नाही." भाडे आगाऊ दिले होते, पावती मात्र घेतली नव्हती.

रद्द करायचे का, हा त्या रात्रीचा निर्णय होता. तिघे रद्द करा म्हणाले. कार्यक्रम वाचवला तो नाटकवाल्यांनी. नटाच्याच ओळखीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेची तालमीची जागा होती, साठ-सत्तर माणसे सतरंजीवर मावतील एवढी. त्यांनी ती किल्लीसकट दिली, भाडे घेतले नाही. एक छोटा प्रवेश बसवायचा आमचा विचार होता. नाटकवाल्यांनी सांगितले की जाहीर प्रयोग म्हणजे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागणार, तीन दिवसांत ते मिळणार नाही. म्हणून निमंत्रितांपुरते पत्रवाचन ठरले : आमच्यातल्यांनी आईला लिहिलेली आणि न पाठवलेली पत्रे, वाचणार नाटकातली मुले. कुणाचे पत्र कुठले, ते सांगायचे नाही. त्या मुलांनी दोन रात्री जागून ती बसवली. नटाकडे प्रसिद्धीखेरीज काय असते, याचे उत्तर ही तालमीची खोली आणि तिच्यातली माणसे हे होते.

निष्पत्ती

सकाळचा वॉक शांतपणे झाला. साठ लिहिले होते, मोजले तर सत्तरच्या पुढे भरले. मावशी झेंड्याचे एक टोक धरून पुढे, दुसरे टोक ताईकडे. गटातल्या एका कॉलेजच्या मुलीने आपल्या पथकातले चार ढोल आणले होते, पण परवानगीत वाद्ये नव्हती म्हणून ते टेम्पोतच राहिले. टाळ्यांवर चाललो. एका दूधवाल्याने गाडी थांबवून विचारले, "कशाचं आहे?" मावशींनी सांगितले, "आमचंच आहे." तो मान हलवून गेला. एका मोटारसायकलवरून शिवी आली. एवढेच.

चारच्या बैठकीला उपवाणिज्यदूताच्या बोलावण्यावरून सहापैकी चार कंपन्यांचे लोक आले. ते स्वतः कोपऱ्यात बसले आणि पूर्ण तासात दोन वाक्ये बोलले. आमच्यातल्या एका ट्रान्स मुलाने, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या मुलाने, आपली कागदपत्रे टेबलावर मांडली. २०१९ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळालेले ओळखपत्र एका नावाचे, दहावीची गुणपत्रिका दुसऱ्या नावाची. "यातलं कुठलं दाखवलं की मला आत घ्याल?" त्याने विचारले. कुणाकडे तयार उत्तर नव्हते, पण प्रश्न पहिल्यांदा योग्य टेबलावर पोहोचला. पुढे दोन कंपन्यांनी माहितीसत्र घेतले. एकीने कंत्राटदारामार्फत पॅकिंग विभागात मावशींच्या एका चेलीला कामावर घेतले. चार महिन्यांनी तिने ते सोडले. पगार बरा होता, लोकही वाईट नव्हते, पण तिला चालेल असे स्वच्छतागृह फक्त ऑफिसच्या इमारतीत होते आणि रात्रपाळीला ती इमारत बंद असायची. हे तिने पहिल्या आठवड्यातच सांगितले होते.

संध्याकाळ सुंदर झाली आणि तिथेच आमची मोठी चूक झाली. फोटोसाठी आम्ही पद्धत ठरवली होती : मनगटावर पांढरी फीत म्हणजे फोटो चालेल, लाल म्हणजे नको. सगळ्यांनी बांधल्या होत्या. पण नटाच्या मागोमाग दोन छायाचित्रकार आले आणि अरुंद दारात एकच गर्दी झाली. त्या वेळी आम्ही पाचही संयोजक आत पाहुण्यांच्या स्वागताला उभे होतो. दारावर कुणीच नव्हते. दुसऱ्या दिवशी एका दैनिकाच्या स्थानिक पानावर नटाचा हसरा फोटो आला. त्याच्या खांद्यामागे सातपूरला काम करणारा आमचा एक मुलगा होता, चेहरा स्पष्ट. लाल फितीचा हात फोटोच्या चौकटीबाहेर राहिला होता.

शेजाऱ्याने पेपर त्याच्या वडिलांना नेऊन दाखवला. दुपारी तो अंगावरच्या कपड्यांनिशी मावशींकडे आला. दैनिकाला फोन केला, त्यांनी वेबवरचा फोटो त्याच दिवशी काढला, पण छापलेले अंक घरोघर गेलेले होते. मुलगा अकरा दिवस मावशींकडे राहिला. त्याची मोठी बहीण रोज संध्याकाळी डबा घेऊन यायची, वडिलांचा निरोप कधी आणायची, कधी लपवायची. अकराव्या दिवशी तीच त्याला घेऊन गेली. घरात त्या विषयावर कुणी बोलत नाही, या अटीवर तो तिथे राहतो.

दूतावासातून विचारणा झाली : आम्ही काही करावे का, निवेदन काढावे का? आम्ही नको म्हटले. ते तेवढ्यावर थांबले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

पुन्हा करायचे झाले तर

दारावर दोन माणसे, त्यांना दुसरे कुठलेच काम नाही. इतकी साधी गोष्ट सुचली नाही, कारण पाहुणे मोठे होते आणि प्रत्येकाला आत असावेसे वाटले. मलाही. छायाचित्रकार एकच असावा, आपला, आणि फोटो बाहेर जाण्याआधी आपल्यातल्या दोघांनी पाहावेत.

पाहुण्याशी बोलून भागत नाही. त्याची पोस्ट कोण टाकते, गाडीसोबत कोण येते, हे विचारून त्या माणसाला वेगळे लिहून कळवायला हवे होते. सभागृहाच्या मालकांना कार्यक्रम कशाचा ते आम्ही मोघम सांगितले होते, "सामाजिक कार्यक्रम" एवढेच. सरळ सांगितले असते तर त्यांनी महिनाभर आधीच नाही म्हटले असते, आणि शोधायला महिना मिळाला असता. बुडालेल्या भाड्याबद्दल मी त्यांना एकट्याला दोष देत नाही.

एचआरच्या बैठकीत मागणी अधिक नेमकी हवी होती. "आम्हाला संधी द्या" याऐवजी रात्रपाळीचे स्वच्छतागृह, हजेरीपटावरचे नाव आणि कंपनीच्या बसमधली बसायची जागा, या तीन गोष्टी लिहून न्यायला हव्या होत्या. उपवाणिज्यदूताला सहा महिन्यांनी पुन्हा फोन करून पाठपुरावा मागता आला असता. आम्ही केला नाही. तोवर त्यांची बदली झाली होती, हे आम्हाला नंतर कळले.

एका मुद्द्यावर आमच्यात आजही एकमत नाही. तरुण संयोजकाला वाटते की पाहुणे सकाळीच चालायला हवे होते : मोकळ्या रस्त्यावर छायाचित्रकारांना अंतर ठेवावे लागले असते, अरुंद दार नसते, ती गर्दी नसती. ताईला वाटते की तसे झाले असते तर फोटो पहिल्या पानावर आला असता आणि त्यात एकाऐवजी दहा चेहरे असते. मी ताईच्या बाजूचा आहे, पण त्याचे म्हणणे खोडून काढण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

तो मुलगा त्यानंतर बैठकीला आलेला नाही. मावशींना मात्र दर रविवारी फोन करतो. हा मजकूर त्याला फोनवर वाचून दाखवला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एकच दुरुस्ती सांगितली. मी "दोन आठवडे" लिहिले होते. तो म्हणाला, "अकरा दिवस लिहा. मी मोजलेत."